गोळ्या चालू, विषाणू गप्प, मग हृदयाची काळजी कशाला?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४८. पतीच्या शेवटच्या आजारपणात त्यांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं. २००८ पासून त्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेताहेत. सुरुवातीला सीडी-फोर (रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या) ९० होता, आता तो साडेसहाशेच्या आसपास असतो. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं सापडण्याच्या पातळीखाली आहे. पतसंस्थेत नोकरी आहे, मुलगा कमावता झाला आहे, त्याचं लग्न ठरतंय. पाळी त्रेचाळिसाव्या वर्षीच गेली. नवीन एकच गोळी सुरू झाल्यापासून वजन आठ-नऊ किलोंनी वाढलंय आणि बीपी १५०/९४ निघतंय.

अलीकडे त्यांच्याच एआरटी केंद्रावर येणारे एक ओळखीचे गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय ४५. त्यांचाही व्हायरल लोड सापडत नव्हता. तेव्हापासून ‘या गोळ्याच हृदय खातात’ अशी बोलणी सुरू झाली आणि ताईंनी कुणाला न सांगता गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. जोडीला गुळवेलीचा काढा आणि प्रतिकारशक्ती वाढवणारी एक पावडर. कोलेस्टेरॉल नॉर्मल असूनही केंद्रातल्या डॉक्टरांनी त्याची गोळी सुचवली, ती त्यांनी नाकारली. तालुक्याच्या गावात हृदयाचे डॉक्टर आहेत, पण ते भावकीतल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचे. शेवटच्या ओळीत त्या लिहितात, ‘दात दुखतात म्हणून सकाळी मिश्री लावते, बाकी कसलं व्यसन नाही.’

त्यांचे प्रश्न दोन: गोळ्या कमी केल्या तर हृदय वाचेल का? आणि हृदयाच्या डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगायलाच हवं का?

उत्तर

ताई, बाकीचं पत्र नंतर वाचा. आजची गोळी घेतली नसेल तर आधी ती घ्या आणि उद्यापासून पूर्वीसारखी रोज ठरलेल्या वेळी घ्या. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नका. पुढच्या तारखेची वाट न पाहता एआरटी केंद्रात जा आणि किती दिवस गोळी एक दिवसाआड घेतली ते समुपदेशकांना स्पष्ट सांगा. व्हायरल लोड पुन्हा तपासायचा का, हे ते ठरवतील. तिथे कुणी रागावेल या भीतीनं ही गोष्ट लपवू नका. अर्धवट मिळणाऱ्या औषधावर विषाणू तग धरायला शिकतो, आणि मग हीच साधी, दिवसातून एकदाची गोळी निकामी होऊ शकते.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांबद्दल वाईट वाटलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी ज्या मरणाची भीती होती, ते औषधांनी लांब ढकललं. आता पंचेचाळिशीत माणूस हृदयानं जातो, तेव्हा आपण केलेलं सगळं फुकट गेलं असं वाटणं साहजिक आहे. तुमच्या भीतीला थोडा आधारही आहे. तुम्ही सुरुवात केली तेव्हा सरकारी केंद्रांत स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन मिळायचं. स्टॅव्ह्युडिननं गाल आत गेलेली, हातापायांच्या शिरा वर आलेली माणसं तुम्ही स्वतः पाहिली असतील. त्या औषधानं रक्तातली चरबीही बिघडायची. लोपिनाविर-रिटोनाविरसारख्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढतं. अबाकाविर घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले, हे २००८ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीतून पुढे आलं आणि नंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिलं. तेव्हा केंद्राबाहेरच्या बाकावर जे बोललं जातं त्याला जुन्या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. पण तुम्ही आज घेता ती टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविरची एकत्रित गोळी आहे. त्यातलं टेनोफोविर कोलेस्टेरॉल वाढवत नाही. डोल्युटेग्राविरनं वजन वाढू शकतं, बायकांचं जरा जास्तच. त्याबद्दल पुढे बोलते.

आता मूळ प्रश्न. गोळ्या कमी केल्या तर हृदयावरचा ताण कमी होईल, हा अंदाज तुमच्या आधी जगभरच्या डॉक्टरांनीही केला होता. औषधांचे दुष्परिणाम टाळावेत म्हणून सीडी-फोर चांगला असताना गोळ्या थांबवायच्या, तो घसरला की पुन्हा सुरू करायच्या, अशी कल्पना होती. ‘स्मार्ट’ नावाच्या अभ्यासात ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांवर ती तपासली गेली. निम्मे लोक रोज गोळ्या घेणारे, निम्मे थांबून-थांबून. थांबून घेणाऱ्यांच्या हृदयाला, मूत्रपिंडाला, यकृताला आराम मिळेल अशी अपेक्षा होती. घडलं उलटं. त्यांच्यात मृत्यू जास्त झाले आणि हृदयविकाराच्या घटनाही जास्त झाल्या. २००६ च्या सुरुवातीला तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळून बरीच वर्षं झाली आहेत, आणि ते उत्तर तुमच्यासारख्याच हजारो माणसांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग होऊ दिला म्हणून मिळालं.

असं का झालं असावं, हे समजलं तर तुमची पुढची वाट सोपी होईल, म्हणून त्यावर जरा थांबते.

‘विषाणू सापडत नाही’ याचा अर्थ रक्तात तो मोजता येण्याइतका फिरत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. शरीरसंबंधातून तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही ती यामुळेच. पण विषाणू लसिकाग्रंथींत आणि आतड्यांच्या अस्तरात, काही पेशींच्या आत लपून राहिलेला असतो. आतड्यांचं नुकसान तर लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतं. तिथल्या सीडी-फोर पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, अस्तर विरविरीत होतं आणि उपचारांनंतरही ते पूर्णपणे पूर्वीसारखं भरून येत नाही. त्यातून आतड्यातल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना पाहून सावध होते, रोज, वर्षानुवर्षं. वरून सगळं विझल्यासारखं दिसतं, पण राखेखाली विस्तव असतो.

त्याची धग रक्तवाहिन्यांना लागते. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सतत चेतवलेल्या राहतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात, आत शिरतात आणि तिथली चरबी गिळून फुगतात. असा मऊ थर हळूहळू वाढतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. शिवाय या सततच्या दाहानं रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. स्मार्ट अभ्यासात गोळ्या थांबवल्यावर विषाणू उसळला आणि त्याबरोबर दाह आणि रक्त गोठणं दाखवणाऱ्या खुणा रक्तात वाढल्या. ज्यांच्यात त्या वाढलेल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूही जास्त दिसले. रोजची गोळी विस्तव पूर्ण विझवत नाही, हे खरं. पण त्यावर राख तीच घालते, आणि तुम्ही एक दिवसाआड तीच बाजूला सारत होतात.

यातूनच काढा आणि पावडरीकडे पाहा. आपली ताकद कमी आहे, ती वाढवायला हवी, असं तुम्ही गृहीत धरलंय. सीडी-फोर ९० होता तेव्हा ते बरोबर होतं. आज साडेसहाशेला तुमची संरक्षणव्यवस्था दुबळी नाही. हृदयाच्या बाबतीत अडचण ती गरज नसताना जागी राहते ही आहे, आणि तिला आणखी चेतवू म्हणणाऱ्या पावडरीचा इथे काय उपयोग? गुळवेलीबद्दल आणखी एक सांगते. कोविडच्या काळात ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, हेही खरं. पण रोज एआरटी घेणाऱ्या माणसानं यकृतावर असा जास्तीचा भार का टाकावा? माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही बंद करा. पावडरीच्या डब्यावरचा मजकूर केंद्रातल्या फार्मासिस्टना दाखवा. त्यात कॅल्शियम, लोह, झिंक किंवा मॅग्नेशियम असेल तर ते डोल्युटेग्राविरचं शोषण अडवतं. गरजेपोटी कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी घ्यावी लागत असेल, तर एआरटीची गोळी तिच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायची, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर एकत्र. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधांतही मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम असतं. त्यांना जेवणाची ही सवलत नाही, तिथे वेळेचं अंतरच पाळायचं.

धोका किती, हे नेमकं सांगते, म्हणजे तो मनात भलताच मोठा होणार नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो. उपचार उशिरा सुरू झाले असतील, म्हणजे सीडी-फोर एकदा खूप खाली गेला असेल, तर तो जास्त असतो. तुमचा ९० पर्यंत गेला होता. पाळी लवकर जाणं हेही बाईच्या हृदयाच्या दृष्टीनं नोंद घेण्यासारखं आहे. पण दुप्पट कशाच्या? पन्नाशीच्या आतल्या बाईचा मूळ धोका कमी असतो, त्याची ही दुप्पट. आणि त्या धोक्यातला बराच भाग तुमच्या हातात आहे.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल तुम्ही म्हणता, ‘रिपोर्ट नॉर्मल, मग औषध कशाला?’ इतर कुणासाठी हा प्रश्न रास्त ठरला असता. पण वर सांगितलेला मऊ थर कोलेस्टेरॉल फार नसतानाही साचतो. ‘रिप्रीव्ह’ नावाच्या अभ्यासात १२ देशांतले, ४० ते ७५ वयाचे, एआरटी घेणारे ७,७६९ लोक होते. त्यात भारतातलेही होते. नेहमीच्या हिशेबानं त्यांचा हृदयाचा धोका कमी किंवा मध्यमच होता. त्यांच्यातल्या अमेरिकेतल्या काहींच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन केलं, तर जवळपास निम्म्यांत थर साचलेला दिसला. निम्म्या सहभागींना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं, निम्म्यांना नुसती औषधविरहित गोळी. झटका, पक्षाघात आणि त्यासारख्या मोठ्या घटना औषध घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाला दर हजारी सात घटना घडायच्या तिथे पाच घडल्या, असं समजा. आकडा छोटा वाटेल. पण ती गोळी वर्षानुवर्षं घ्यायची असते आणि फायदा साठत जातो. दुसरी बाजूही सांगायला हवी: औषध घेणाऱ्यांत स्नायूदुखी आणि मधुमेह थोडा जास्त दिसला. म्हणून गोळीआधी साखर तपासायची, नंतरही तपासत राहायची, आणि अंग विनाकारण दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगायचं.

पिटाव्हास्टॅटिन मिळालं नाही किंवा महाग वाटलं, तर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० किंवा रोसुवास्टॅटिन १० मिलीग्रॅम हे पर्याय अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या शिफारशींत दिले आहेत, आणि तुमच्या सध्याच्या एआरटीबरोबर ते चालतात. केंद्रातल्या डॉक्टरांनी अगदी योग्य तेच सुचवलं होतं. त्यांच्याकडे परत जा आणि म्हणा, ‘मला वाटलं होतं तसं नाही, आता सांगा.’ तरीही तुम्ही विचार करून नको म्हणालात, तर तो तुमचा अधिकार आहे. फक्त नकाराचं कारण ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे नसावं.

पण कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या आधी बीपी. १५०/९४ ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट, आणि ती तुम्ही ओघात लिहून टाकली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून घ्या, पाच मिनिटं बसल्यावर, चहा-मिश्रीनंतर लगेच नको. तसंच निघालं तर औषध सुरू करा. बीपीच्या गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी केंद्रात मिळतात, आणि झटका आणि पक्षाघात टाळण्यात त्यांच्याइतकं खात्रीचं थोडंच काही आहे.

आणि मिश्री. ताई, तुम्ही ती व्यसनात धरली नाहीत, पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. आपल्याकडे आजी, सासू, जावा सगळ्या लावतात, म्हणून ती तंबाखू वाटत नाही. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की या पत्रातलं दुसरं काही जमलं नाही तरी हे करा. सुरुवात दातांपासून करा. दात दुखतात म्हणून मिश्री, मिश्रीनं हिरड्या खराब, म्हणून पुन्हा दुखणं, हे चक्र दंतवैद्याकडेच तुटेल. सुजलेल्या हिरड्या अंगातल्या दाहातही भर घालतात, तेव्हा तो खर्च हृदयाच्या खात्यावरचाच समजा. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. तिथे फोनवर समुपदेशन मिळतं. घरात मिश्रीचा डबा ठेवू नका, शेजारणीलाही सांगून ठेवा.

वजनाचं थोडक्यात: ते नुसतं गोळीमुळे वाढलेलं नाही, पतसंस्थेतली बैठी नोकरी आणि गेलेली पाळीही त्यात आहे. गोळी बदलून मागू नका. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, लोणचं-पापड-फरसाण कमी करा, त्यानं बीपीलाही मदत होईल. कंबरेचं माप महिन्यातून एकदा घ्या, काट्यापेक्षा ते जास्त सांगतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. लहान गावात बातमी कशी फिरते हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि मुलाचं लग्न तोंडावर असताना तर नाहीच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुम्हाला आधार दिला आहे. लागण असल्याचं सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, तुमच्या संमतीशिवाय डॉक्टरांना ते बाहेर सांगता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं बेकायदेशीर आहे. पण कायद्यानं कंपाउंडरचं तोंड बंद होतंच असं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून ‘सांगावं की लपवावं’ याच्या पलीकडचा पर्याय पाहा. त्याच डॉक्टरांकडे जायला हवं असं कुठे आहे? बीपी, साखर, कोलेस्टेरॉलची गोळी या गोष्टी एआरटी केंद्र आणि त्याला जोडलेलं सरकारी रुग्णालय पाहू शकतं. तिथे तुमची नोंद आधीच आहे, नव्यानं कुणाला काही सांगावं लागत नाही. हृदयाचे तज्ज्ञ लागलेच, तर केंद्राच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात जा, जिथे तुमची भावकी पोचत नाही. प्रवासाचा एक दिवस जाईल, पण मनावरचं ओझं उतरेल. लांबच्या डॉक्टरांना मात्र सगळं सांगा. न सांगता घेतलेला हृदयाचा सल्ला अर्धा असतो: डॉक्टर तुमचा धोका कमी धरतील आणि औषध एआरटीशी जुळतं का हे पाहणार नाहीत. उदाहरणार्थ, तुम्हाला मधुमेह निघाला तर मेटफॉर्मिनचा डोस डोल्युटेग्राविरमुळे मर्यादित ठेवावा लागतो. अडचण आली, कुणी वाईट वागलं, तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: तुमच्या गोळ्यांत रिटोनाविर असेल (दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत ते बहुधा असतं), तर सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध अजिबात चालत नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा डोस कमी ठेवावा लागतो, अम्लोडिपिनसारखं बीपीचं औषधही जपून द्यावं लागतं. अबाकाविर असेल आणि हृदयाचा धोका जास्त असेल, तर पर्याय आहे का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. मूल हवं असलेल्या बायकांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना सांगावं. चाळिशीच्या आत असाल, तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचा प्रश्न सहसा येत नाही. बीपी, तंबाखू आणि साखर पाहिली तरी पुष्कळ झालं.

आणि ताई, बायकांच्या हृदयाचं दुखणं नेहमी छातीत डाव्या बाजूला कळ येऊनच कळतं असं नाही. जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग दुखणं, दोन पायऱ्या चढून धाप लागणं, अंगाला एकदम दरदरून घाम आणि मळमळ, यातलं काही अचानक सुरू झालं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, तर ‘गॅस असेल’ म्हणून झोपून राहू नका. १०८ ला फोन करा. एआरटीच्या गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी आजच पर्समध्ये ठेवा आणि रुग्णालयात पोचल्यावर पहिल्याच डॉक्टरांच्या हातात ती द्या. रक्त पातळ करणारी काही औषधं रिटोनाविरसारख्या औषधांबरोबर चालत नाहीत. तुमची गोळी त्यातली नाही, हे त्यांना ती चिठ्ठी पाहूनच कळेल.